न आलेलं बोलावणं

देवानं माझं ऐकलं, असं मी जवळजवळ पाच वर्षं समजत होते. लोक देवाकडे काही यावं म्हणून मागतात. कुणाला मूल हवं असतं, कुणाला नोकरी, कुणाला दुखण्यातून उतार. माझं मागणं उलटं होतं. एक बोलावणं येऊ नये, एवढंच मी दत्तगुरूंकडे मागितलं होतं आणि ते बोलावणं खरंच आलं नाही. दर गुरुवारी औदुंबराला पाणी घालताना मी त्याबद्दल हात जोडून आभार मानत असे. आज हे लिहायला बसले ते त्या मागण्याची लाज वाटते म्हणून, आणि त्या लाजेच्या पलीकडे मला जे सुख भेटलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही म्हणूनही.

तेव्हा मी नवी मुंबईत महाप्याला एका कुरिअरच्या गोदामात पॅकिंग सुपरवायझर होते. आम्ही बोनकोड्याला एका चाळीत भाड्यानं राहत होतो. एका दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता एक तरुण दोन खोकी बुक करायला आला. आत मशीनचे पार्ट आहेत असं त्यानं सांगितलं, स्वतःचं आधार कार्ड दिलं, पावतीवर सही केली. खोकी अजून वजनकाट्यावरच होती, तेवढ्यात साध्या कपड्यांतले पोलीस आत आले. त्यांना आधीच खबर लागली होती. त्यांना दोन पंच हवे होते, म्हणजे समोर घडेल ते डोळ्यांनी पाहून कागदावर सही करणारी दोन माणसं. एक आमचा वॉचमन झाला आणि दुसरी मी. खोकी उघडली. वर लोखंडी पार्ट होते आणि खाली नशेच्या गोळ्यांची पाकिटं. ती बाहेर काढून वेगवेगळ्या पिशव्यांत भरली, लाख वितळवून सील केली आणि प्रत्येक चिठ्ठीवर माझी सही घेतली. तो तरुण भिंतीला पाठ लावून उभा होता. "शेठनं दिलं ते आणलं. आत काय आहे मला माहीत नाही," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तो खरं बोलत होता की खोटं, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही माहीत नाही.

साहेबांनी निघताना सांगितलं, "ताई, केस उभी राहिली की कोर्टातून बोलावणं येईल. जे पाहिलं ते सांगायचं." त्या एका वाक्यानं माझी झोप गेली. आमच्या घरात कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नव्हतं. उलटतपासणीत वकील बायकांना काय काय विचारतात याच्या ऐकीव गोष्टी मला छळत. या धंद्यातली माणसं साक्षीदाराचं घर शोधून काढतात, असं शेजारणीनं सांगितलं. दारावर टकटक झाली की मी आधी खिडकीतून बघायची. शेवटी एका गुरुवारी मी दत्ताच्या पायाशी बसले आणि म्हटलं, मला यातून वगळ. ते बोलावणं माझ्यापर्यंत येऊ देऊ नकोस. बदल्यात मी तुझी सेवा करीन.

पुढे सगळं जणू माझ्यासाठी आपोआप जुळत गेलं. वर्षभरात कंपनीनं महाप्याचं गोदाम बंद केलं, माझी नोकरी गेली आणि कंपनीनं दिलेला फोन नंबरही गेला. बोनकोड्याची चाळ पाडून तिथे नवी इमारत उभी राहू लागली. आम्ही शिरवण्याला राहायला आलो. आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा तेवढा राहून गेला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. बोलावणं आलं नाही. माझी खात्री पटली की देवानं माझी हाक ऐकली आहे. कबूल केल्याप्रमाणे मी दर गुरुवारी इथल्या दत्ताच्या देवळाच्या स्वयंपाकघरात महाप्रसादाच्या पोळ्या लाटायला जाऊ लागले.

त्या स्वयंपाकघराबद्दल लिहिताना आजही चेहऱ्यावर हसू येतं. देवळाच्या मागे पत्र्याची शेड, दोन मोठ्या शेगड्या, परातीत डोंगराएवढी कणीक आणि आम्ही आठ-दहा बायका. सगळ्यांवर नानांचा पहारा. नाना शिरवण्याचे मूळचे आगरी गृहस्थ. तरुणपणी मिठागरात राबलेले, आता वयाची सत्तरी ओलांडली तरी भाजीचं पातेलं एकट्यानं उतरवणारे. माझी पहिली पोळी तव्यावर पडली तेव्हा ती हातात उचलून त्यांनी उजेडात धरली आणि विचारलं, "काय गो, ही पोली हाय का रायगड जिल्ह्याचा नकाशा?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. कितीतरी महिन्यांनी मी अशी पोट धरून हसले होते.

माझ्या शेजारचा पोळपाट हौसाक्कांचा. अक्का साताऱ्याकडच्या. नवरा वाशीच्या बाजारात माथाडी होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या स्वतः बाजारात लसूण निवडायला जात आणि कोपरखैरण्याला एका खोलीत राहत. गुरुवारी कामावर खाडा करून पोळ्यांना येत. त्यांचा हात असा की लाटणं फिरतंय की पोळीच आपणहून गोल होतेय, कळायचं नाही. माझी पोळी वाकडी झाली की न बोलता आपल्याकडे ओढून घेत, दोनदा लाटणं फिरवत आणि परत सरकवत. तीन वर्षं आम्ही अशा शेजारी बसलो. माझ्या मुलीच्या बारावीच्या निकालापासून त्यांच्या गुडघ्यापर्यंत सगळं एकमेकींना सांगून झालं होतं. मुलाचा विषय निघाला की त्या एवढंच म्हणत, "हाय एक, लांब असतो." मी खोदून विचारलं नाही. मला ते सोयीचंच होतं, कारण माझ्याकडेही न सांगण्यासारखं काही होतं.

आणि मग तो गुरुवार आला. त्या दिवशी मी जाणार नव्हते. आदल्या दिवशीपासून अंगात कणकण होती. पण सकाळी उठले तर अंग हलकं वाटलं, म्हणून गेले. कणकेचे गोळे करता करता अक्कांनी विचारलं, तू इतकी नेमानं येतेस, काही नवस बोललीस का? मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण त्या क्षणी देवाच्या कृपेची गोष्ट सांगावीशी वाटली. मी म्हटलं, एका कोर्टाच्या बोलावण्याची फार भीती होती. देवाला साकडं घातलं आणि ते आलंच नाही.

अक्कांनी हातातला गोळा परातीत ठेवला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नशिबाची हायेस पोरी. आमी तर कोर्टाचीच वाट बघून दमलो."

आणि पहिल्यांदाच त्या मोकळ्या झाल्या. त्यांचा महेश लांब नोकरीला नव्हता. तळोज्याच्या तुरुंगात होता, पाच वर्षं होत आली होती. नशेच्या गोळ्यांची केस. अशा मोठ्या मालाच्या केसमध्ये कायदाच असा की जामीन सहजी मिळत नाही, हे त्यांना वकील मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग खटला तरी चालावा, तर तोही हलत नव्हता. आरोप ठेवायलाच तीन वर्षं लागली. त्यानंतर पहिल्या साक्षीदाराला, म्हणजे पंचाला, बोलावणं धाडलं. दोन पंच होते. एक वॉचमन, तो मुलखाला निघून गेला. दुसरी कुणी बाई. "म्हाप्याच्या कुरिअरात हुती म्हनं," अक्का म्हणाल्या. "चार येळा कागद गेला. दर येळंला काय लिवून येतंय, पंच मिळून येत न्हाई. ती चाळच पाडली म्हनं. दर तारखेला म्या जाते, आन दर तारखेला तेच वाचत्यात. पंच मिळून येत न्हाई."

माझ्या हातातला गोळा तसाच राहिला. शेडमध्ये शेगड्यांचा आवाज होता, नाना कुणावर तरी ओरडत होते, तव्यावर पोळी फुगत होती आणि मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. पाच वर्षं ज्याला मी कृपा म्हणत होते, ते काय होतं ते मला दिसलं. माझं बोलावणं चार वेळा निघालं होतं. ते वाटेत हरवत राहिलं आणि प्रत्येक वेळी या बाईच्या मुलाची तारीख पुढे गेली. मी देवळात आभार मानत होते, त्याच गुरुवारी, त्याच पोळपाटाशेजारी, ही बाई त्याच देवाला माझ्यासाठीच साकडं घालत होती की ती सापडू दे. दोघींच्या हाका एकाच पायाशी जात होत्या. त्या दिवशी मी काहीतरी सबब सांगून लवकर निघाले. गाभाऱ्यासमोरून जाताना मान वर झाली नाही.

पुढचे सहा दिवस कसे गेले ते माझं मलाच ठाऊक. यजमानांना सांगितलं. ते एका कारखान्यात फिटर आहेत, सरळ माणूस, पण घाबरले. गप्प राहा म्हणाले, देवानं वाचवलंय तर आपण होऊन विहिरीत उडी कशाला घ्यायची. मला त्यांचा राग आला नाही, कारण माझं मनही तेच म्हणत होतं. पण देवघरापुढे बसलं की शब्द फुटेना. आजवर मी देवाला माझ्या सोयीचं काम सांगत आले होते. आता पहिल्यांदाच त्याला विचारलं, मी काय करू? उत्तर काही आलं नाही. फक्त अक्कांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. बुधवारी दुपारी मी ठरवलं की निदान त्यांच्यापासून तरी लपायचं नाही.

गुरुवारी लवकर गेले. शेडमध्ये अजून कुणी आलं नव्हतं. अक्का परातीत पीठ चाळत होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "अक्का, ती बाई मीच."

त्यांनी चाळणी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, रडतील, उठून जातील. मी भराभर सगळं सांगत सुटले, चाळ, गोदाम, फोन, माझी भीती, माझा नवस. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पदरानं स्वतःचा नाही, माझा चेहरा पुसला. माझ्या गालाला पीठ लागलं. "म्हंजी तीन वरसं तू माझ्या मांडीला मांडी लावून बसलीयास," त्या म्हणाल्या आणि त्यांना एकाएकी हसू आलं. "आन म्या तुला साऱ्या मुलखात शोधतीया." त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही तेच झालं. त्या अवस्थेत आम्ही दोघी किती वेळ होतो कोण जाणे.

मग मात्र त्या गंभीर झाल्या. त्यांनी जे सांगितलं त्यानं माझी वाट आणखी अवघड झाली. वकील मॅडमनी हायकोर्टात जामिनासाठी अर्ज केला होता आणि पुढच्याच आठवड्यात सुनावणी होती. अर्जाचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता. माणूस पाच वर्षं आत आहे, खटला सुरू होत नाही, एकही साक्षीदार तपासला गेलेला नाही. माल कितीही असो, निकालाशिवाय माणसाला असं किती दिवस कोंडून ठेवणार? आता मी पुढे आले, तर सरकारी वकील म्हणणार, पंच मिळाली, खटला चालू होतोय, जामीन कशाला? म्हणजे मी लपून राहिले तर महेशचं भलं होण्याची शक्यता जास्त. माझी भीती आता दयेचं लुगडं नेसून माझ्यासमोर उभी राहिली. मी अक्कांना म्हटलं, मग आठ दिवस थांबते. तुमच्या मुलासाठी थांबते. तो सुटू दे, मग जाते.

त्या उठल्या, दारातून औदुंबराकडे पाहत उभ्या राहिल्या. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा आवाज स्थिर होता. "न्हाई. तू दडून बसलीस म्हनून माझं लेकरू सुटलं, तर ते सुटनं माझ्या गळ्याखाली उतरायचं न्हाई. दोन वरसं म्या देवाला एकच म्हनलं, ती बाई घावू दे. त्यानं घावून दिली. आता त्येला म्हनू का, जरा आठ दिस लपीव? तू जा. आन जवा कोर्टात हुभी ऱ्हाशील तवा जे बघितलंस तेच सांग. माझ्यासाठनं कमी नको, कुनाच्या भ्यानं जास्त नको. म्होरलं त्याचं त्यो बघंल."

अक्का शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. शरणागती म्हणजे काय हे मी त्या दिवशी पिठाच्या परातीशेजारी बसून शिकले. त्यांना मुलगा हवा नव्हता असं नाही. त्यांच्याइतका तो कुणालाच हवा नव्हता. पण तो कसा हवा, हे त्यांनी देवाला सांगायचं सोडून दिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्या पोलीस ठाण्यात गेले. यजमानही बरोबर आले, रजा टाकून. मी नवा पत्ता आणि फोन नंबर लिहून अर्ज दिला. तिथले हवालदार अर्ज दोनदा वाचून म्हणाले, "बाई, इतकी वर्षं नोकरी झाली, आपल्या पायानं चालत आलेला पंच पहिल्यांदा बघतोय." त्यांनी चहा मागवला. मी काही लपवायचं नाही असं ठरवलंच होतं, म्हणून सांगून टाकलं की आरोपीची आई आणि मी एकाच देवळात पोळ्या लाटतो, आणि मी कोण ते मी त्यांना सांगितलं आहे. ते साहेबांकडे आत जाऊन आले. साहेबांनी मला बोलावून शांतपणे समजावलं की साक्ष होईपर्यंत केसबद्दल त्यांच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. मग थोडं हसून म्हणाले, "पोळ्या लाटा. केस लाटू नका." ज्या दाराच्या भीतीनं मी पाच वर्षं थरथरत होते, त्या दारातून मी हसत बाहेर पडले. यजमान म्हणाले, एवढंच होतं होय. खरंच, एवढंच होतं.

सुनावणी गुरुवारीच होती. त्या सकाळी अक्कांचा पोळपाट रिकामा होता. त्या मुंबईला गेल्या आहेत हे फक्त मला ठाऊक होतं. मी दोघींच्या वाट्याच्या पोळ्या लाटायला घेतल्या. मनात नामस्मरण चालू होतं, पण मागणं काही नव्हतं. मागावंसं वाटलं की मी गोळा हातात घ्यायची आणि लाटायला लागायची. मी पुढे आल्यामुळे त्या आईच्या हातातोंडाशी आलेला घास गेला तर काय, हा विचार येत नव्हता असं नाही. तो येत होता, आणि मी त्याला देवाच्या पायाशी ठेवून परत पोळीकडे वळत होते. त्या दिवशी माझ्या पोळ्या इतक्या गोल कशा होत होत्या कोण जाणे. नानासुद्धा एकदा येऊन बघून गेले आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून ती मोठीच शाबासकी.

आरती झाली, पंगती बसल्या. तिसरी पंगत उठता उठता शेडच्या दारात अक्का उभ्या दिसल्या. चपला हातात, केस विस्कटलेले, घामानं डबडबलेल्या. स्टेशनपासून पळतच आल्या असाव्यात. सगळ्या बायकांची कामं थांबली. अक्का मला शोधत होत्या. मी दिसले तशा एकच शब्द बोलल्या.

"सोडला."

मी लाटणं टाकून धावले. बाकीच्यांना काहीच कळेना. मग अक्कांनी सगळ्यांसमोर, मान ताठ ठेवून सांगितलं की आपला मुलगा पाच वर्षं तुरुंगात आहे, कशाच्या केसमध्ये आहे, आणि आज त्याला हायकोर्टानं जामीन दिला. त्यांनी तिथलं पाहिलेलं जसंच्या तसं सांगितलं. सरकारी वकिलांनी खरंच सांगितलं की पंच मिळाली आहे, खटला आता चालेल. तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, एकूण साक्षीदार किती? चौदा. तपासले किती? एकही नाही. आरोपी आत किती वर्षं? पाच होतील. त्यावर ते म्हणाले, एक साक्षीदार मिळायला इतका काळ लागला, उरलेल्या तेरांचं काय? निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर याला बाहेर ठेवून खटला चालवा. ठराविक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, शहर सोडायचं नाही, साक्षीदारांना भेटायचं नाही, आणि इथलाच, स्वतःचं घर असलेला एक जामीनदार हवा.

शेवटची अट सांगून अक्कांनी पदरानं घाम पुसला. त्यांचं स्वतःचं घर नव्हतं, आमचंही नव्हतं. आणि नशेच्या गोळ्यांचं नाव ऐकून दोघी-तिघींनी नजर खाली वळवली होती, तेही मला दिसलं. तेवढ्यात पातेल्याशेजारून नाना म्हणाले, "माजं घर हाय ना शिरवन्यात. घरपट्टीची पावती चालंल का?"

कुणीतरी दबक्या आवाजात म्हटलं, नाना, पोराला तुम्ही ओळखत तरी का? नाना हात पुसत पुढे आले. "पोराला नाय वलखत. हौसाला वलखतो. तीन वर्सं तिच्या हातच्या पोल्या खाल्ल्या, येक पन कच्ची नाय निगाली." मग शेगडीकडे वळून म्हणाले, "आता रडताव काय सगल्या? शिऱ्याला रवा काढा." आणि हातातला झारा त्यांनी पातेल्यावर असा काही वाजवला की पंगतीतले लोक आत डोकावून बघू लागले. त्या दुपारी महाप्रसाद संपल्यावर आमच्या स्वयंपाकघरात दुसरा महाप्रसाद झाला. अक्कांना सगळ्यांनी एकेक घास भरवला. ज्यांनी नजर वळवली होती त्यांनीही.

कागदपत्रांना काही दिवस गेले. नाना स्वतः कोर्टात जाऊन जामीनदार राहिले. महेश तळोज्याहून बाहेर पडला तेव्हा अक्का आणि नाना दोघेच त्याला आणायला गेले होते. पुढच्या गुरुवारी तो देवळात आला. साक्षीदाराला भेटायचं नाही ही अट होती, म्हणून मी आधीच सांगितलं की मी शेडच्या बाहेर पडणार नाही. मी आत पोळ्या लाटत होते आणि अक्का एकेक गरम पोळी ताटात घेऊन पंगतीत नेत होत्या. त्या दिवशी त्यांनी दुसरं कामच केलं नाही. दर वेळी आत येऊन फक्त बोटं दाखवत. चार. सहा. आठ. नववी पोळी नेली तेव्हा बाहेरून त्याचा आवाज आला, "आई, बास, आता पोट फुटेल," आणि अक्का हसल्या. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांचं असं हसणं कधी ऐकलं नव्हतं. पोरीसारखं, आवरता न येणारं. मी दहावी पोळी लाटत होते. हात कणकेचे होते, म्हणून डोळे पुसताही आले नाहीत.

त्यानंतर चार महिन्यांनी बोलावणं आलं. मी दार उघडून ते हातात घेतलं, सही केली आणि आणून देणाऱ्या शिपायाला पाणी दिलं. कोर्टात मी जे पाहिलं तेवढंच सांगितलं. खोकी त्यानं आणली होती, हे सांगितलं. त्यानं स्वतःचं आधार कार्ड दिलं होतं, हेही सांगितलं. वरचे पार्ट, खालची पाकिटं, सील, माझ्या सह्या आणि भिंतीपाशी उभं राहून तो जे म्हणत होता ते शब्द. त्याला माहीत होतं का, असं विचारलं तेव्हा म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. वकिलांनी बरेच प्रश्न विचारले, पण ज्यांची मी इतकी वर्षं धास्ती घेतली होती ते प्रश्न त्यांत नव्हते. खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही आणि मी तो देवाकडे मागतही नाही. जे खरं असेल ते कधीतरी वर येईल. तोवर एक माणूस आपल्या घरी जेवतो आहे, कामाला जातो आहे, हजेरी देतो आहे, आणि त्याची आई बाजारात लसूण निवडताना गुणगुणते आहे.

साक्ष संपली तो दिवस मंगळवार होता. दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा मनात एकच धाकधूक होती. अक्का विचारतील का, काय बोललीस म्हणून? त्या कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि थोडं सरकून मला बसायला जागा केली. त्यांनी काहीच विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

दत्तगुरूंनी माझं मागणं पुरं केलं नाही, याबद्दल मी आता रोज त्यांचे आभार मानते. मी लपायला जागा मागितली होती. जी बाई मला शोधत होती, तिच्याच शेजारी त्यांनी मला आणून बसवलं. तीन वर्षं तिच्या हातून माझ्या वाकड्या पोळ्या सरळ करून घेतल्या आणि मग माझा हात धरून मला उजेडात आणलं. आता हात जोडले की मी फार काही बोलत नाही. बोलवाल तेव्हा येईन, एवढंच म्हणते.